न्हाणीमागचं गवत

दुधातलं पाणी ओळखणं ही माझी नोकरी. गावच्या दूध संस्थेत मी वीसेक वर्षं सकाळ-संध्याकाळ दूध घेतलं. लॅक्टोमीटर बुडवायच्या आधी किटलीतली धार बघूनच मी म्हणायचे, "आज तुमची म्हैस जरा जास्तच पाणी प्यायली वाटतं." रांगेतली माणसं हसायची, ज्याला म्हटलं तोही हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं दूध घट्ट यायचं. अशा बाईच्या घरात, तिच्या नाकासमोरच्या भिंतीतून महिनाभर पाणी चाललं होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. आता हे सांगताना मला हसू येतं. तेव्हा मात्र मी सगळ्या घराला धारेवर धरलं होतं.

नेकनूरच्या अलीकडे आमचं गाव. घरात आम्ही तिघं: मी, माझा नवरा आणि सासरे. लेक शिकायला बीडला. नवरा एसटीत कंडक्टर, म्हणून घरातही मी त्यांना कंडक्टरच म्हणते. मुक्कामाची गाडी असली की ते एक दिवसाआड घरी. सासऱ्यांना आमच्याकडे सुना मामा म्हणतात; कंडक्टर त्यांना दादा म्हणतात. सासूबाई फार आधी गेल्या. मामांनी दुसरं लग्न केलं नाही, भाकरी स्वतः थापायला शिकले, पोरगा मोठा केला. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनीच मला पिठलं करून घातलं होतं. कुणाच्या उपकारात राहायचं नाही, हा त्यांचा बाणा. कुणी पाण्याचा तांब्या हातात दिला तरी त्यांना अवघडायला व्हायचं.

हाच माणूस दुष्काळाच्या साली, दसऱ्याच्या सुमारास, बांधावरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडून घेऊन बसला. बीडला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं: खाली बसायचं नाही, उकिडवं तर बिलकूल नाही. आमची न्हाणी म्हणजे घराच्या मागच्या कोपऱ्यातली झिजून गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी, तीही एक पायरी खाली. तिथे मामांचं जाणंच बंद झालं.

मग राहिली बाज. त्या वर्षी आमच्या गल्लीतली निम्मी माणसं अंगणात बाजेवर बसून अंघोळ करत. बाजेखाली दोन घमेली ठेवायची, अंगावरून गळलेलं पाणी त्यात धरायचं, त्यात पायपुसणी धुवायची आणि उरलेलं संडासात टाकायचं. एका पाण्याचे तीन उपयोग झाल्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर जायचं नाही. बाकीच्यांना ती काटकसर होती. मामांना मात्र बाजेवर धरून बसवायला, पाठ चोळायला, उठवायला माणूस लागायचा, आणि तो माणूस म्हणजे कंडक्टर. ते मुक्कामाला गेले की मामा सकाळी म्हणायचे, "आज ऱ्हाऊ दे गं, थंडी हाय." फाल्गुन निम्मा झाला, उन्हं चटके द्यायला लागली, तरी मामांना थंडी वाजतच होती.

एकदा मी म्हणाले, "मामा, मी धरते की. लेकच समजा मला." त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. सुनेच्या हातून अंघोळ, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसणारी नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हती. मी आपलं बोलून बसले. त्या दिवशी दुपारी मी ठरवलं की न्हाणी बांधायची. मामांना दार आतून लावून, कुणी न धरता, आपल्या हाताने अंघोळ करता आली पाहिजे. मला बाकी काही नको होतं.

गल्लीला करमणूक झाली. आठवड्यातून एकदा टँकर येतोय, जनावरं चारा छावणीत नेऊन बांधलीत, संस्थेत दूध निम्म्यावर आलंय, आणि ही बाई न्हाणी बांधतेय! शेजारच्या काकू तर तोंडावरच म्हणाल्या, "प्यायाला पानी न्हाई आन् न्हायाला महाल." मी म्हणाले, "काकू, पाणी आज ना उद्या येईल. मामांचं वय मागं येणार नाही." मी जिंकल्यासारखी घरात आले.

मिस्त्री मिळाला तो मूळचा ठिबकवाला. दहा वर्षं त्याने मोसंबीच्या बागांत ठिबकचे पाइप टाकले होते. त्या दोन-तीन वर्षांत बागाच वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं, तेव्हा हा घराघरांतल्या नळाच्या कामाकडे वळला. माणूस गोड, कामाला चपळ, पाइप कापताना करवतीकडे बघायचासुद्धा नाही. जुनी फरशी उखडून त्याने पायरी काढून टाकली, कमोड बसवला, नळ कमरेच्या उंचीवर घेतला, भिंतीत धरायला स्टीलची दांडी ठोकली. टाइल आणायला मी स्वतः बीडला गेले. दुकानात चप्पल काढून एकेका टाइलवर पाय घासून बघितला. दुकानदार म्हणाला, "ताई, रंग तर बघा." मी म्हणाले, "रंगावरून कुणी घसरत नाही." शेवटी जात्याच्या पाळीसारखी खरखरीत, करड्या रंगाची टाइल घेतली.

भिंतीत पाइप बसले, आता वरून टाइल लागायची, त्या दिवशी मिस्त्री माझ्याकडे आला. "वैनी, ही लाईन गाडायच्या आदी वरची टाकी भरून एक दिवस तशीच ठिवावी लागंल. जोड गळतेत का बघू. मंग टाइल."

"किती पाणी लागेल?"

"निम्मी टाकी तरी पायजे. न्हाईतर दाब येत न्हाई."

गच्चीवरची टाकी तेव्हा कोरडी ठणठणीत होती. घरात होता एक ड्रम आणि दुसऱ्याच्या तळाशी हातभर पाणी. टँकरला चार दिवस अवकाश. टाइल बसवणारा माणूस दुसऱ्या दिवशी धारूरच्या कामाला जाणार होता, एकदा गेला की पंधरा दिवस हाती लागणार नव्हता. आणि ओट्यावर मामा बसले होते, दोन दिवस झाले अंगाला पाणी लागलेलं नव्हतं.

"तुमचा हात बसलेला आहे ना?" मी विचारलं.

"दहा वर्सं पाइपच जोडतोय की."

"मग लावून घ्या टाइल. बघायला पाणी नाही माझ्याकडे."

तो थोडा घुटमळला. "तुमी म्हनता म्हनून लावून घेतो," म्हणाला आणि टाइलवाल्याकडून त्याच दिवशी लावून घेतली. सिमेंटला रोज पाणी मारायचं तेही मी बाजेखालच्या घमेल्यातलं मारलं. आमच्या न्हाणीचं सिमेंट साबणाच्या पाण्यावर पोसलेलं आहे.

चार दिवसांनी टँकर आला. मोटर लावून गच्चीवरची टाकी भरली. मामांनी नव्या न्हाणीत काठी टेकत पाऊल ठेवलं, दांडी धरून बघितली, आत ठेवलेल्या उंच स्टुलावर बसून बघितलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "हां. आता तुमी जा." आणि आतून कडी लावली. तो कडीचा आवाज मला अजून आठवतो. मी आणि कंडक्टर, दोघंही बाहेर उगाच उभे. पाऊण तासाने मामा बाहेर आले ते भांग पाडून, धुतलेलं धोतर नेसून. दुपारी काठी घेऊन पारावर गेले आणि तिथे बसलेल्यांना न्हाणीची उंची-रुंदी सांगून आले. मला इतकं बरं वाटलं की संध्याकाळी मी एकाही किटलीला नाव ठेवलं नाही.

ते बरं वाटणं तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी नळाला पाणी नाही. वर जाऊन बघते तर टाकीचा तळ दिसत होता. आठ दिवस पुरायचं पाणी तीन दिवसांत संपलं होतं.

पहिल्या आठवड्यात वाटलं, नव्याची नवलाई, हात मोकळा सुटला असेल. दुसऱ्या आठवड्यात तेच. कंडक्टर म्हणाले, तू कपडे फार धुतेस. मी म्हणाले, तुम्ही दाढी करताना नळ चालू ठेवता. कंडक्टरच्या खाकीवरून, माझ्या भांड्यांवरून, एकेका तांब्यावरून आमची तोंडं वाजायला लागली. ज्या घरात वीस वर्षांत कुणाचा आवाज अंगणाबाहेर गेला नव्हता, त्या घरात पाण्यावरून रोज खणाखणी. आणि शेवटी दोघांची नजर जायची त्या एकाच बंद दाराकडे. मामा आत गेले की पाऊण तास, तास. आत काय चाललंय ते कळायला मार्ग नाही.

तिसऱ्या आठवड्यात टाकी पुन्हा कोरडी झाली तेव्हा माझा तोल गेला. अंगणात उभी राहून मी कंडक्टरला म्हणाले, "मामांना सांगा जरा हात राखून. एवढं पाणी अंगावर घ्यायला आपल्याकडे काय धरण आहे?" मामा ओट्यावरच्या खांबाआड बसले होते. मला ते दिसले नव्हते, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी नीट बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामांनी कंडक्टरला हाक मारली. "बाज काढ रे भाईर."

"कावून? न्हाणीला काय झालं?"

"आत घसरतं."

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. घसरतं! त्या टाइलवर मी स्वतः पाय घासून बघितला होता. ओल्या पायानं तिथं मांजरसुद्धा घसरलं नसतं. मामा खोटं बोलत होते आणि ते माझ्यामुळं. भाकरी तव्यावर जळाली. बाहेर बाजेवर कंडक्टर त्यांची पाठ चोळत होते आणि मामा मान खाली घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मला माझीच लाज वाटली. पण तरीही मनात होतं, की निदान आता पाणी तरी पुरेल. माणूस किती हलकं होऊ शकतं ते मला त्या दिवशी कळलं.

पाणी पुरलं नाहीच. मामा बाजेवर आले तरी टाकी उतरत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कॅनमध्ये उभी बुडवून दूध मोजायची अॅल्युमिनियमची पट्टी असते आमच्याकडे, संस्थेत एक जुनी पडून होती. ती धुऊन घरी आणली. दुपारी कंडक्टर ड्युटीवर गेले, मामा पारावर गेले. मी टाकीत पट्टी बुडवली, ओल्या खुणेवर खडूने रेघ मारली, घराला कुलूप लावलं आणि संस्थेत गेले. संध्याकाळचं दूध घेऊन परत आले, कुलूप काढलं, गच्चीवर चढले, पट्टी बुडवली. पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं. घरात माणूस नाही, नळ बंद, आणि पाणी दोन बोटं खाली.

खाली उतरले आणि थेट घराच्या मागच्या बाजूला गेले. आमची भिंत आणि काकूंचा गोठा यांच्यामध्ये एक बोळ आहे, एरवी तिथे कुणाचं जाणं नसतं. चैत्र संपत आला होता, शिवारात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. आणि आमच्या न्हाणीच्या भिंतीच्या बुडाशी वीतभर हिरवीगार हराळी माजली होती. तिच्यात काकूंची शेळी उभी होती. माझ्याकडे तिने एकदा बघितलं आणि पुन्हा तोंड खाली घातलं.

मी काकूंना हाक मारली. आवाज चढलेलाच होता. "हे केव्हापासून आहे?"

काकू पदराने तोंड पुसत आल्या. "झाले की ईस-पंचवीस दिस."

"आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"बोलू का न बोलू, रोज इचार करायची," काकू म्हणाल्या. "पर छावनीत शेळ्या घेत न्हाईत गं बाई. म्हनलं, आजच्या दिस खाऊ दे, उद्या सांगू."

मी भांडायला तोंड उघडलं आणि मला हसूच फुटलं. काकूही हसायला लागल्या. गावात सगळ्यांची जनावरं हाडाला लागली होती आणि ही एकटी शेळी आमच्या टँकरच्या पाण्यावर गुबगुबीत झाली होती. मीही तिच्या जागी असते तर उद्यावरच टाकलं असतं.

मिस्त्रीला निरोप गेला. दुसऱ्या दिवशी त्याने न्हाणीतल्या चार टाइल फोडल्या. अगदी खालच्या अंगाला, पाइप वळतो त्या एल्बोवर त्याने बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, "ह्याला सोल्युशन लावायचंच ऱ्हायलं वैनी. नुस्ता दाबून बसवलाय." चिकटवायचं ते सोल्युशन. माप घ्यायला जोड आधी कोरडा दाबून बघतात, मग काढून, चिकटवून पुन्हा बसवतात. एक जोड काढायचा राहून गेला होता. टाइलमुळे आत ओल दिसली नाही, पाणी घराच्या पायाखालच्या मुरमातून मागे बोळात जात राहिलं. "ठिबकाला असा जोड गळला तर झाड पितंय," मिस्त्री म्हणाला, "कुनी बोंब मारीत न्हाई. तीच सवय."

मी बोंब मारायला कंबर कसूनच उभी होते. शब्द ओठावर होते. पण त्याने वर बघितलं आणि मला आठवलं की टाइल लावायच्या आधी टाकी भरा म्हणणारा तो होता आणि नको म्हणणारी मी. "मी म्हनलो व्हतो," असं तो एकदाही म्हणाला नाही. मी मुकाट्याने चहा ठेवला.

या खेपेला टँकर आला तेव्हा ड्रम रिकामे ठेवले आणि सगळं पाणी वर चढवलं. भिंत उघडीच ठेवली. पाइपाखाली वर्तमानपत्राचा कागद अंथरला. दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रीने तो कागद उचलून माझ्या हातात दिला. कोरडा होता, अक्षरंसुद्धा पुसली नव्हती. तेव्हा टाइल लावल्या, चारच होत्या म्हणून त्यानेच. तसल्या करड्या मिळाल्या नाहीत. चार टाइल विटकरी आहेत, अजून तशाच आहेत.

आता मामांना सांगायचं होतं. ते ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी समोर जमिनीवर बसले. "मामा, पाणी तुमी सांडत नव्हता. जोड गळत व्हता. आन् त्यो माझ्यामुळं ऱ्हायला. मी तुमाला नाय नाय ते बोलले."

मामांनी दोन शेंगा फोडल्या. "मला वाटलं, असंल," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचा हात. तांब्या कलंडत असंल. मंग मी निम्मी बादली केली. तरीबी टाकी रिकामी. मंग चार तांबे. तरीबी रिकामी. म्हनलं, आता ह्याच्या खाली कसं जावं मानसानं? त्यापरीस भाईर बरं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. चार तांबे! आणि मी धरणाचं बोलले होते. "चार तांब्यांची अंघोळ," मी डोळे पुसत विचारलं, "मग तासभर आत काय करीत व्हता मामा?"

ते लाजले. खरंच लाजले, मानेपर्यंत. "बसायचो," म्हणाले. "पडल्यापून कुनी ना कुनी धरूनच व्हतं मला. डाक्टर, नर्स, माजा पोरगा. तिथं कुनी धरीत न्हाई. कडी लावली की लई ग्वाड वाटायचं."

मी उठले, पाणी तापवलं, बादली काठोकाठ भरून आत ठेवली. मामा म्हणाले, "एवढी कावून?" मी म्हणाले, "मी भरलीय. तुमी किती वापरायची ते तुमचं." ते आत गेले आणि कडी लावली.

मी भांडी घासली, दळण निवडलं. गल्लीच्या टोकाशी एसटी थांबल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने कंडक्टर घरात शिरले, घामाने भिजलेले, खांद्यावर टॉवेल टाकून थेट न्हाणीकडे. दार बंद बघून माझ्याकडे वळले.

"दादा कवाधरनं आत हायेत?"

"आत्ताच गेलेत," मी म्हणाले. मामांना आत जाऊन तास होऊन गेला होता.